उरलेलं डिझेल

‘गगनबंदर’ मालिकेच्या एकेचाळिसाव्या भागात मी तिशीची आहे, माझी कंबर मुठीत मावेल एवढी आहे आणि मी चंदेरी सूट घालून अंतराळात फिरते. खरी मी अठ्ठेचाळीस वर्षांची, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारी बाई. जिना चढताना गुडघे कुरकुरतात. पडद्यावरची ती बया बघूनच मी उठून जायला हवं होतं. पण अख्ख्या सावणे बंदराने मला पुढच्या रांगेत बसवलं होतं, आणि पुढच्या रांगेतून उठायचं म्हणजे गावभर तमाशा.

रविवारची दुपार होती. मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये काळे पडदे लावून अंधार केला होता. वाहिनीची माणसं मोठा पडदा घेऊन आली होती, कारण हा भाग आमच्यावर बेतलेला. म्हणजे माझा भाऊ चेतन याने लेखिकेला आठ दिवस माशाचं कालवण खाऊ घालून जी गोष्ट सांगितली, तिच्यावर. चेतन माझ्या डावीकडे नवा शर्ट घालून बसला होता. त्याच्या पलीकडे माझा नवरा हरेश. उजवीकडची खुर्ची पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, तिथे याकूबचाचा मुकादम येऊन बसले.

याकूबचाचा खाडीपलीकडच्या उंडणे गावचे. तिथल्या आरोग्य केंद्राच्या डिझेलच्या टाकीवर ते रखवालदार होते. चार वर्षांपूर्वी चेतनने आणि मी डिझेल चोरलं ते त्यांच्याच टाकीतून. त्यावर दोन्ही गावांनी केव्हाच समेट केला होता, म्हणून तर त्यांना बोलावणं गेलं. पडद्यावर हिरव्या तोंडाचा एक पहारेकरी आला तसे ते माझ्याकडे वाकून म्हणाले, ‘‘अगं वृषाली, मला हिरवा केला की काय यांनी!’’

आणि हसले. मीही हसले. हसता येतं मला. स्वयंपाक येतो, इंजिन खोलता येतं, लग्नाकार्यात मिरवताही येतं. चार वर्षं फक्त आत काही हलत नाही. कोणी मेलं काय, कोणाला पोर झालं काय, मला सगळं सारखंच.

तर पडद्यावर असं होतं, की पाच अंतराळवीरांचं यान लघुग्रहांच्या पट्ट्यात बंद पडलंय. त्यांना ओढून आणायला इंधन नाही. इंधन म्हणजे निळे स्फटिक, आणि ते आहेत हिरव्या लोकांच्या ग्रहावर. मग चंदेरी बाई आणि तिचा धाडसी भाऊ तिथे छापा घालायला निघतात. भाऊ फारच धाडसी दाखवला होता, ते कोणाचं काम हे सांगायला नको. आमच्या डिझेलचे स्फटिक झाले, खाडीचं अवकाश झालं, आणि माझ्या जुन्या होडीला चक्क पंख फुटले.

आता खरं काय झालं ते सांगते. त्यासाठी आधी ‘साय’ सांगायला लागेल.

समुद्रात तेल सांडलं की ते खाऊन साफ करावं, म्हणून कुठल्याशा प्रयोगशाळेत एक जिवाणू तयार केला होता. डिझेल म्हणजे शेवटी कार्बनच्या लांबलचक साखळ्या. हा त्या साखळ्यांची एकेक कडी कुरतडतो आणि मागे आंबट पाणी आणि बुळबुळीत चिकटा टाकतो. तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला लगाम घातलेला. त्याला जगायला एक खास अन्नघटक लागायचा, जो समुद्रात मिळत नाही. शास्त्रज्ञ पुडीतून शिंपडतील तेवढाच त्याचा खुराक. पुडी संपली की पठ्ठ्या उपाशी मेला. युक्ती चोख होती. फक्त तो घटक माणसाच्या लाळेत असतो, आणि किनाऱ्यावरचे लोक पिंपातून डिझेल कसं काढतात, हे त्या विद्वानांनी जन्मात बघितलं नव्हतं.

आम्ही तोंडाने काढतो. पाइपचं एक टोक पिंपात, दुसरं तोंडात, जोरात एक झुरका, आणि डिझेल ओठांपाशी आलं की पाइप झटकन खाली कॅनमध्ये. मग ते आपलं आपण वाहतं. माझ्या बापाने मला हे नवव्या वर्षी शिकवलं. किनाऱ्यावर बोटीवाला असा नाही, ज्याने डिझेल चाखलेलं नाही. तेलाच्या तवंगातून तो जिवाणू आमच्या पिंपात आला, पिंपातून पाइपात, पाइपातून हिरड्यांत. तिथे त्याला हक्काचं घर मिळालं. माणसाला त्याचा काही त्रास नाही, साधी सर्दीसुद्धा होत नाही. पण असल्या तोंडाचा पाइप दुसऱ्या टाकीत गेला की ती टाकी गेलीच म्हणायची. दोनेक दिवसांत वर दुधावर धरते तशी जाड साय, खाली घाण पाणी. एका वर्षात किनाऱ्यावर एकही बंदर शिल्लक राहिलं नाही.

शहरांचं फारसं काही अडलं नाही, त्यांच्या गाड्या केव्हाच बॅटरीवर गेल्या होत्या. अडलं ते बोटींचं, आणि आडगावातल्या दवाखान्यांचं, ज्यांची सौर पत्र्यांची छपरं दर वादळात उडून जायची आणि जनरेटरशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं.

अशा दवाखान्यांसाठी सरकारने सीलबंद टाक्या दिल्या. आत डिझेलवर नायट्रोजन भरायचा, म्हणजे जिवाणू चुकून गेलाच तरी त्याला हवा नाही. तळाला नळ, म्हणजे साठलेलं पाणी काढून टाकता येतं; त्याला कुलूप, किल्ली डॉक्टरांकडे. आत जाणारी प्रत्येक वस्तू स्पिरिटने पुसायची, आणि डिझेल काढायचं ते फक्त हातपंपाने. उंडण्याची टाकी मी बसवली. भिंतीवर लाल रंगाने ‘पाइपला तोंड लावू नये’ हे मीच लिहिलं. याकूबचाचांना सगळं शिकवलं तेही मीच. ‘‘चाचा, साय तुमच्या तोंडात आहे, माझ्या तोंडात आहे, सगळ्या खाडीच्या तोंडात आहे. टाकीपाशी आलात की तोंडाला फडकं बांधायचं.’’ ते मान डोलवायचे आणि जेवायला बसवायचे. त्यांच्या हाताखालची टाकी इतकी लखलखीत असायची, की बाहेरगावच्या मेकॅनिक लोकांना मी ती दाखवायला न्यायचे.

ऑक्टोबरमध्ये हरेश आणि आणखी चौघे ‘जलतुळस’ घेऊन खोल समुद्रात गेले. सीलबंद म्हणून घेतलेल्या डिझेलमध्ये साय निघाली आणि पंचावन्न मैलांवर इंजिन बंद पडलं. वायरलेसवर हरेशचा आवाज आला, ‘‘पाणी तीन दिवसांचं आहे. वारा आम्हाला बाहेर ओढतोय.’’ तटरक्षकांकडे त्या आठवड्यात अशा एकतीस बोटींची यादी होती, त्यात आमचा नंबर सव्विसावा. शिडावर जा म्हणायला शिडं कोणाला येतात? ती आमच्या आज्यांबरोबर गेली. बंदरात एक बोट उभी होती, इंजिन मी स्वतः धुऊनपुसून तयार ठेवलेलं, पण चारशे लिटर डिझेल कुठून आणणार?

चोरीच्या आधी मी रीतसर मागायला गेले होते, हेही सांगून ठेवते. उंडण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिल्ह्याचा कागद आणा. कागदाला आठ दिवस. बाहेर आल्यावर याकूबचाचा मला म्हणाले, ‘‘माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं गं.’’ त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. आणि मला ठाऊक होतं, की ते रोज एक वाजता जेवायला घरी जातात आणि दोनला परततात.

मंगळवारी भरतीच्या पाण्यावर चेतन आणि मी होडी वल्हवत पलीकडे गेलो. भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी. रस्त्यात दोघे भेटले, त्यांना वाटलं टाकीची दुरुस्ती असेल. टाकीचं झाकण कसं उघडतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. तोंडाला फडकी बांधली, हात पुसले, पाइप पुसला, पंप पुसला, सगळं नियमाने. चेतन मासळीची हातगाडी घेऊन खाली उभा, गाडीवर दहा कॅन. मी पंप मारायला लागले तर पंप नुसती हवा ओढतोय. खोलून बघितलं. आतला वायसर वाळून चिरला होता. दुसऱ्यांचे पंप तपासत फिरणारी बाई मी, आणि स्वतःच्या पंपाचा वायसर बघितला नव्हता.

‘‘ताई, दीड वाजला. काय करायचं?’’ चेतन म्हणाला.

मी काही ठरवलं नाही. खरंच सांगते, त्या क्षणी डोक्यात विचार नव्हता, हरेशचा आवाज होता. तेवढ्यात हाताने पाइप पंपातून उपटला, फडकं खाली ओढलं आणि झुरका मारला. पस्तीस वर्षांची सवय. पहिल्या झुरक्याला डिझेल अर्ध्यावर आलं आणि दम कमी पडला, तसं ते माझी थुंकी घेऊन परत टाकीत गेलं. दुसऱ्या झुरक्याला आलं. जिभेवर डिझेलची चव लागली तेव्हा मला कळलं मी काय केलंय. समोर भिंतीवर माझंच अक्षर होतं.

चेतनने बघितलं. डिझेल वाहत होतं, कॅन भरत होते. दोन खेपांत आम्ही ते होडीत टाकलं.

परत येताना मी मनात तास मोजले. झाकण उघडलं तेव्हाच टाकीतला नायट्रोजन निघून हवा आत गेली होती. ऑक्टोबरची उष्णता धरली तरी फिल्टर चोंदण्याएवढी साय धरायला तीस-पस्तीस तास. बोट जायला आठ तास, शोधायला चार, ओढत आणायला बारा. म्हणजे आमच्या माणसांचं निभावतंय. उंडण्याच्या टाकीत सोळाशे लिटर उरलं होतं, त्याचं निभावणार नव्हतं. त्यांना लगेच कळवलं असतं तर दोन दिवसांत दुसरी टाकी आली असती. पण कळवलं असतं तर त्यांनी बोट बंदरातच अडवली असती. मी ठरवलं, हरेश परत आला की त्याच मिनिटाला सांगायचं. चेतन बोट घेऊन निघाला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘‘ताई, हे आपल्या दोघांत.’’

बुधवारी संध्याकाळी पाचही जण परत आले. हरेशचे ओठ फाटले होते, तो मला धरून उभा राहिला आणि बंदरभर रडारड, हसाहशी, पेढे. मला हार घातला. त्या गर्दीत कसं सांगणार? म्हटलं, सकाळी.

सकाळी उंडण्याची माणसं आली. भांडायला आली होती, पण हरेशची आणि त्या पोरांची दशा बघून त्यांचा राग निम्मा तिथेच उतरला. याच शेडमध्ये बैठक बसली. त्यांचे सरपंच म्हणाले, पाच जीव वाचले, नेलं ते नेलं, आम्ही पोलिसांत जात नाही. मग याकूबचाचा उठले. त्यांच्या पहाऱ्यातून चोरी झाली होती, मान खाली होती. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘‘वृषाली, नेलेल्याचं राहू दे. उरलेलं डिझेल चांगलं आहे ना? पंपानेच काढलंस ना?’’

सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या गळ्यात कालचा हार सुकत होता.

‘‘हो चाचा,’’ मी म्हटलं. ‘‘पंपानेच. सगळं पुसून.’’

तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याच दिवशी पाच वाजता वादळ आलं आणि खाडीच्या दोन्ही बाजूंची वीज गेली. उंडण्याच्या दवाखान्यात याकूबचाचांची सून नाझिया बाळंतपणासाठी ऑपरेशनच्या टेबलावर होती. पोट उघडलेलं. जनरेटर सुरू झाला, बारा मिनिटं चालला आणि सायीने गुदमरून बंद पडला. डॉक्टरीणबाईंनी विजेरीच्या उजेडात बाळ बाहेर काढलं. रक्त ओढून घेणारं यंत्र बंद, काही दिसेना. नाझिया गेली. सव्वीस वर्षांची होती.

चौकशी झाली. टाकीत साय कशी आली? चोर तर शिकलेले, त्यांनी पंप वापरला, टाकी बसवणारी बाईच ती. मग अहवालात लिहून आलं, की चोरी लक्षात आल्यावर किती डिझेल उरलंय हे बघायला रखवालदाराने मापाची सळई न पुसता टाकीत घातली. चाचांनी तसं कबूलच केलं होतं. घाबरून, घाईत, सळई पुसायला विसरलो म्हणाले. ती सळई कोरडी होती. तिने काही झालं नसतं. पण ते मला ठाऊक होतं, त्यांना नाही.

त्या दिवसापासून मी अशी आहे. हरेश पहिलं वर्षभर विचारायचा, ‘‘तुला झालंय तरी काय? मी परत आलोय ना?’’ मी म्हणायचे, ‘‘काही नाही.’’ खरंच काही नव्हतं. तो जवळ आला की मला तो एखाद्या दुकानातल्या माणसासारखा वाटायचा, नीट बोलायचं आणि पिशवी उचलून निघायचं. हल्ली तो विचारत नाही. उंडण्याला मी परत कधी गेले नाही. चाचा दिसले की दुसऱ्या वाटेने जायचे. त्या रविवारपर्यंत जमलं.

पडद्यावर आता टाकीचा प्रसंग आला होता. चंदेरी बाईने एक चकाकता पंप काढला, त्यावर निळा प्रकाश फिरवून तो निर्जंतुक केला, आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘त्यांचं उरलेलं इंधन आपण दूषित करणार नाही. आपण चोर आहोत, खुनी नाही!’’ वाजंत्रीचा गडगडाट झाला. शेडमध्ये टाळ्या पडल्या. चेतन टाळ्या वाजवत नव्हता, खाली बघत होता.

याकूबचाचा हळूच म्हणाले, ‘‘किती जपून केलंत गं तुम्ही. चोरी करतानासुद्धा पंप पुसलात. आणि मी पगारी माणूस, सळई पुसायला विसरलो.’’

मी पडद्याकडे बघत राहिले.

‘‘मुनाफ माझ्याशी बोलत नाही,’’ ते म्हणाले. मुनाफ म्हणजे त्यांचा मुलगा, नाझियाचा नवरा. ‘‘मी त्याला दोष देत नाही. एकाच घरात राहतो, पण मधे भिंत घातलीय. इनाया चार वर्षांची झाली. मी रोज सकाळी तिच्या दारासमोर पायरीवर बसतो, ती शाळेत जाताना दिसते. अजून उचललेली नाही तिला. मुनाफ म्हणाला होता, त्या हातांनी नको.’’

हे ते रडत वगैरे नाही म्हणाले. बाजारभाव सांगावा तसे म्हणाले. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते त्यांनी मांड्यांखाली घातले होते. तो म्हातारा माणूस लिलावाच्या शेडमध्ये, सिनेमा बघतानासुद्धा हातांवर बसला होता.

‘‘चाचा,’’ मी म्हटलं, ‘‘पंप नव्हता.’’

चेतनने माझा दंड पकडला. ‘‘ताई, गप बस. आत्ता नको.’’

‘‘पंपाचा वायसर गेला होता. मी तोंडाने ओढलं. पहिल्या खेपेला डिझेल परत टाकीत गेलं, माझी थुंकी घेऊन. तुमच्या सळईचा काही संबंध नाही. साय माझ्या तोंडाची होती.’’

मी आवाज वाढवला नव्हता, पण नेमकी पडद्यावरची वाजंत्री थांबली होती. मागच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. हरेश खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

याकूबचाचा म्हणाले, ‘‘गुरुवारी सकाळी मी तुला इथेच विचारलं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘उरलेलं चांगलं आहे ना, म्हणून.’’

‘‘हो.’’

‘‘तेव्हा तुला ठाऊक होतं?’’

‘‘होतं.’’

‘‘नाझिया टेबलावर जायला अजून सहा-सात तास होते.’’

‘‘हो चाचा.’’

त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘‘चल. मुनाफला सांग.’’

पडद्यासमोरून आम्ही दोघे बाहेर पडलो तेव्हा चंदेरी बाई आमच्या अंगावरून अंतराळात उडत होती. मागून हरेश आला. दारात त्याने मला अडवलं. ‘‘मला का नाही सांगितलंस? चार वर्षं?’’ त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘म्हणजे माझ्यासाठी ती...’’

‘‘तुझ्यासाठी मी डिझेल चोरलं,’’ मी म्हटलं. ‘‘खोटं बोलले ते माझ्यासाठी. त्यात तू नाहीस.’’

तो तिथेच उभा राहिला. चेतन शेडमधून बाहेरच आला नाही.

चारच्या फेरीबोटीने आम्ही पलीकडे गेलो. बोट आता बॅटरीवर चालते, आवाज नाही, वास नाही. चाचा पुढे उभे, मी मागे. मला भीती वाटते का ते मी बघत होते, पण तीही वाटत नव्हती.

मुनाफने दार उघडलं. बाप दिसताच त्याने ते परत लावायला घेतलं, मग माझ्याकडे बघून थांबला. मी दारातच सांगितलं. पंप, वायसर, तोंड, थुंकी, बैठकीतलं ‘हो’. पाच-सहा वाक्यांत झालं. चार वर्षं ज्याचं ओझं वाटत होतं ते एवढंसंच निघालं.

मुनाफ माझ्याकडे बघतच नव्हता. बापाकडे बघत होता. चाचा पायरीच्या खाली उभे होते, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे.

‘‘अब्बा,’’ तो म्हणाला. तो आत गेला आणि मुलीला काखेत घेऊन आला. हिरव्या फ्रॉकमधली, झोपेतून उठवलेली, चिडकी. तिने चाचांना बघितलं आणि म्हणाली, ‘‘पायरीवरचे आजोबा.’’

‘‘तुझे आजोबा,’’ मुनाफ म्हणाला. ‘‘हात पुढे करा, अब्बा.’’

चाचांनी हात पुढे केले नाहीत. त्यांना ते जमेना. तळवे सदऱ्याला पुसत राहिले, एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी मुनाफनेच पायरी उतरून त्यांचे हात सोडवले आणि पोरगी त्यांच्या हातांत ठेवली. त्यांनी तिला असं धरलं, की आता पडेल की मग.

तिघे आत गेले. दार लावताना मुनाफने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘‘मी माझ्या बापाला चार वर्षं खुनी म्हटलं,’’ तो म्हणाला. ‘‘याच तोंडाने. तुम्ही जा. परत या दारात दिसू नका.’’

दार लागलं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या लायकीचं बोललं होतं. मी जायला वळले. नाझियाचा चेहरा आठवला. टाकी बसवायला यायचे तेव्हा ती मला चहा आणून द्यायची, नव्या नवरीच्या हातभर बांगड्या वाजवत, आणि विचारायची, बाई माणसाला इंजिन कसं काय येतं हो? तिची आठवण चार वर्षांत मला एकदाही आली नव्हती, तिच्यासाठी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी तिच्याच दाराच्या पायरीवर बसले आणि हंबरडा फोडून रडले. आत सगळ्यांना ऐकू जात होतं. दार कोणी उघडलं नाही.